एक मंच, अनेक वाहिन्या : वर्गणीचा नवा व्यवहार

घरात रेडिओ ठेवावयाचा तर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, तो काळ आज साठी ओलांडलेल्या पिढीला चांगला आठवतो. वर्ष सरले की परवान्याची मुदत सरे. तो पुढे चालू ठेवावयाचा असेल तर कचेरीत जावे, खिडकीपाशी उभे राहावे, पैसे भरावेत आणि नूतनीकरण करून घ्यावे, अशी रीत होती. कोणी गेलेच नाही तर मुदत आपसूक संपे. करमणुकीसाठी पैसे देण्याचा निर्णय दर वर्षी नव्याने घ्यावा लागे, असाच याचा अर्थ.

आज इंटरनेटवरून चित्रपट व मालिका दाखविणाऱ्या सेवांची वर्गणी याच्या नेमकी उलट चालते. एकदा संमती दिली की काही न करताही ती चालू राहते. थांबविण्यासाठी मात्र हालचाल करावी लागते. त्यात आता एकाच मंचावर अनेक वाहिन्यांची वर्गणी भरण्याची सोय झाली आहे. सोय खरीच आहे. परंतु घरातील पैसा कोणाकडे, किती आणि कोणाच्या संमतीने जातो हे समजून घेण्याची गरज त्यामुळे कमी न होता वाढली आहे. गावात असे प्रश्न घेऊन लोक बहुधा शिक्षकाकडे, ग्रामसेवकाकडे किंवा पंचायतीच्या सदस्याकडे येतात. म्हणून या व्यवहाराची घडण थोडी तपशिलाने पाहणे उपयोगी ठरेल.

जादा शुल्काची वाहिनी

‘प्रीमियम’ म्हणजे मूळ वर्गणीखेरीज वेगळे पैसे घेणारी वाहिनी. ही कल्पना इंटरनेटच्या पुष्कळ आधीची आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात विल्क्स-बॅरी या गावी ८ नोव्हेंबर १९७२ रोजी ‘एचबीओ’ ही वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिचे वर्गणीदार अवघे ३६५ होते. त्याच्या महिनाभर आधी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले होते. एकीकडे सार्वजनिक सेवा म्हणून दूरदर्शन वाढत होते, तर दुसरीकडे जाहिरातीवाचून केवळ प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालणारी वाहिनी आकार घेत होती. १९७५ साली एचबीओने उपग्रहाचा वापर सुरू केला आणि ती अमेरिकाभर पोहोचली.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एचबीओ आपल्या वर्गणीदाराकडे स्वतः पैसे मागावयास जात नसे. केबल कंपनी आपल्या मासिक बिलात त्या वाहिनीची रक्कम मिळवी, वसूल करी आणि ठरलेला वाटा एचबीओला देई. प्रेक्षकाची गाठ केबल कंपनीशी, वाहिनीशी नव्हे. आजचा ‘एक मंच, अनेक वाहिन्या’ हा व्यवहार म्हणजे त्याच जुन्या रचनेची नवी आवृत्ती होय. केबलच्या तारेची जागा इंटरनेटने आणि वसुलीला येणाऱ्या माणसाची जागा बँकेच्या स्वयंचलित आदेशाने घेतली, इतकेच.

महाराष्ट्रात १९९० नंतर केबलचा प्रसार झाला, तेव्हा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात केबलवाला दारात येई. चित्र नीट दिसत नसेल तर त्याच्याशी वाद घालता येई, एखाद्या महिन्याचे पैसे अडवूनही धरता येत. पुढे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या दर आदेशानुसार फेब्रुवारी २०१९ पासून प्रेक्षकाला हव्या त्याच वाहिन्या निवडण्याचा हक्क मिळाला. प्रत्येक सशुल्क वाहिनीची किंमत जाहीर करणे बंधनकारक झाले आणि पहिल्या १०० वाहिन्यांसाठी जोडणी शुल्काची कमाल मर्यादा करांखेरीज १३० रुपये ठरविण्यात आली. इंटरनेटवरील चित्रसेवांना हा दर आदेश लागू नाही. तेथे किंमत सेवा देणाराच ठरवितो, आणि बदलतोही तोच.

एका छत्राखाली

ॲमेझॉन कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत आपल्या चित्रमंचावर इतर कंपन्यांच्या वाहिन्या वर्गणीने देण्यास आरंभ केला. ॲपलने २०१९ मध्ये आणि यूट्यूबने नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत अशीच व्यवस्था सुरू केली. भारतात ‘प्राइम व्हिडिओ चॅनल्स’ ही योजना २४ सप्टेंबर २०२१ रोजी आली. आरंभी तिच्यात डिस्कव्हरी प्लस, लायन्सगेट प्ले, डॉक्युबे, इरॉस नाऊ, मुबी, होईचोई, मनोरमा मॅक्स आणि शॉर्ट्स टीव्ही या आठ सेवा होत्या. यांपैकी होईचोई ही बंगाली प्रेक्षकांची व मनोरमा मॅक्स ही मल्याळी प्रेक्षकांची सेवा. केवळ मराठीसाठी वाहिलेली सेवा त्या आठांत नव्हती, ही नोंद मराठी वाचकाला थोडी खटकावी अशी आहे. ‘प्लॅनेट मराठी’ ही स्वतंत्र सेवा त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुरू झाली होती.

व्यवहाराचे स्वरूप असे. प्रथम मूळ मंचाचे सदस्य व्हावे लागते. त्यानंतर हव्या त्या वाहिनीची वेगळी वर्गणी त्याच खात्यातून भरावयाची. नवे नाव, नवा परवलीचा शब्द, नवे ॲप काही लागत नाही. शोध एकाच ठिकाणी होतो. अर्धवट पाहिलेला चित्रपट जेथे सोडला तेथून पुढे दिसतो. पैसेही एकाच ठिकाणी भरले जातात. ज्या घरात एकच दूरचित्रवाणी संच आहे आणि वडीलधाऱ्यांना ॲप बदलण्याची कटकट नको असते, तेथे ही सोय मोलाची आहे. यात वाहिनीचे चित्रपट मंचाच्याच पडद्यावर चालतात. दूरध्वनी कंपन्या व डिश सेवा यांच्या काही एकत्रित योजनांत मात्र पैसे एकत्र भरले तरी पाहण्यासाठी त्या त्या सेवेचे ॲप उघडावे लागते. वर्गणी भरण्यापूर्वी हा फरक विचारून घ्यावा.

हिशेबाचा भाग थोडा सावधपणे पाहावयास हवा. सप्टेंबर २०२१ मध्ये वाहिन्यांची आरंभीची सवलतीची वार्षिक वर्गणी २९९ रुपयांपासून १,९९९ रुपयांपर्यंत होती आणि मूळ सदस्यत्व वर्षाला ९९९ रुपयांचे होते. समजा, एखाद्या कुटुंबाने २९९ व ६९९ रुपयांच्या दोन वाहिन्या घेतल्या. ९९८ अधिक ९९९ मिळून वर्षाचा खर्च १,९९७ रुपये झाला. त्याच डिसेंबरमध्ये मूळ सदस्यत्व १,४९९ रुपये झाले. वाहिन्यांच्या सवलती तशाच राहिल्या असे मानले, तरी नूतनीकरणाच्या वेळी तोच खर्च २,४९७ रुपयांवर गेला. म्हणजे वाहिनी महाग झाली नाही, तरी तिच्यापर्यंत नेणारा दरवाजा महाग झाला. पुढे १७ जून २०२५ पासून या मंचाच्या मूळ सेवेत भारतातही जाहिराती दाखविण्यास सुरुवात झाली, आणि त्या नको असतील तर महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये असे निराळे शुल्क त्या वेळी ठेवण्यात आले. जाहिरातीवाचून पाहता यावे म्हणून जन्मलेल्या जादा वर्गणीच्या कल्पनेचे हे एक मजेशीर वळण म्हणावे लागेल.

वर्गणीशिवाय आणखी एक खर्च असतो, तो इंटरनेटचा. उच्च दर्जाच्या चित्रासाठी तासाला सुमारे ३ जीबीपर्यंत माहिती खर्ची पडू शकते. साध्या दर्जासाठी ती १ जीबीच्या आसपास राहते. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या मोबाइल योजनेवर उच्च दर्जाचा चित्रपट अर्ध्या तासात थांबेल. सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा कमी ठेवण्याची सोय असते. घरातील लहान पडद्यावर फरक फारसा जाणवतही नाही.

वर्गणीदार कोणाचा?

मंच आणि वाहिनी यांच्यातील करार प्रेक्षकासमोर होत नाही. तो मोडला तर काय होते, याचे उत्तर एचबीओच्याच उदाहरणात मिळते. अमेरिकेत लाखो लोक ॲमेझॉनच्या मंचावरून एचबीओची वर्गणी भरीत. एचबीओची मालक कंपनी वर्गणीदारांशी थेट संबंध जोडू इच्छीत होती. कोण काय पाहतो, केव्हा सोडून जातो ही माहिती मंचाच्या हाती राहणे तिला परवडणारे नव्हते. अखेर सप्टेंबर २०२१ मध्ये ती वाहिनी त्या मंचावरून काढून घेण्यात आली. त्या वेळच्या वृत्तांनुसार सुमारे ५० लाख वर्गणीदारांवर याचा परिणाम झाला. पाहणे चालू ठेवावयाचे तर त्यांना दुसरीकडे नव्याने नाव नोंदवावे लागले. डिसेंबर २०२२ मध्ये हीच सेवा नव्या नावाने त्याच मंचावर परत आली, कारण थेट मिळणारे ग्राहक गमावलेल्यांची जागा सहजी भरून काढीत नाहीत, हा अनुभव मालकांना आला होता.

या घडामोडीत प्रेक्षकाला कोणी विचारले नाही. म्हणून वार्षिक वर्गणी एकदम भरताना किंचित थांबावे. वर्षाचा दर महिन्याच्या हिशेबाने स्वस्त पडतो हे खरे. परंतु वर्षाच्या मध्यात वाहिनी गेली, किंवा ज्या मालिकेसाठी ती घेतली त्या मालिकेचे हक्क दुसरीकडे गेले, तर पैसे परत मिळण्याची शाश्वती अटींवर अवलंबून राहते. चित्रपटांचे हक्क देशवार विकले जातात, हेही विसरता कामा नये. आखातात वा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला तोच मंच उघडल्यावर वेगळी यादी आणि वेगळी किंमत दिसते, याचे कारण हेच.

संमती आणि तिची मुदत

या सर्व व्यवहाराचा कणा म्हणजे बँकेला दिलेला स्वयंचलित आदेश. येथेच सामान्य कुटुंबाची सर्वांत अधिक गफलत होते, म्हणून रिझर्व्ह बँकेचे नियम बारकाईने पाहावेत.

आवर्ती रकमांसंबंधीचे हे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे अमलात आले. वर उल्लेखिलेली योजना भारतात सुरू झाल्यानंतर अवघ्या आठवड्याने. त्यांनुसार आदेश नोंदविताना ग्राहकाची जादा पडताळणी, म्हणजे एकवेळचा सांकेतिक क्रमांक किंवा पिन, आवश्यक असते. त्यानंतर प्रत्येक वेळी रक्कम वजा होण्याच्या निदान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे. तीत रक्कम घेणाऱ्याचे नाव, रक्कम, तारीख आणि आदेशाचा संदर्भ क्रमांक असावा लागतो आणि तो व्यवहार किंवा संपूर्ण आदेश नाकारण्याची सोय द्यावी लागते. प्रत्येक वेळी पडताळणी न करता वजा होऊ शकणारी रक्कम त्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत होती. जून २०२२ मध्ये ती १५,००० रुपये करण्यात आली. रक्कम बदलती असेल तर ग्राहकाला आपली कमाल मर्यादा घालून देता येते. आदेश नोंदविण्याबद्दल बँकेने कार्डधारकाकडून शुल्क घ्यावयाचे नाही. यूपीआयवर ‘ऑटोपे’ ही सोय जुलै २०२० मध्ये आली. तेथेही आदेश पाहणे आणि रद्द करणे ॲपमधूनच होते.

नियम चांगले आहेत. अडचण ते घरात पोहोचण्याची आहे. २४ तास आधीची सूचना खात्याशी जोडलेल्या मोबाइल क्रमांकावर येते. कित्येक घरांत खाते वडिलांचे किंवा आजीच्या निवृत्तिवेतनाचे असते, क्रमांक मुलाचा असतो आणि वर्गणी नातवाने भरलेली असते. संदेश बहुधा इंग्रजीत असतो. शिवाय त्यात नाव येते ते सहसा मंचाचे, वाहिनीचे नव्हे. ‘आपण या नावाचे काही घेतलेलेच नाही’ असे म्हणून घरातील माणूस बँकेत जातो आणि तेथे त्याला संमतीची नोंद दाखविली जाते. यात फसवणूक कोणीच केलेली नसते. संमती एकाची आणि पैसा दुसऱ्याचा, एवढेच झालेले असते. पासबुक भरून घेताना लहान, पण दर महिन्याला त्याच सुमाराच्या तारखेस येणाऱ्या नोंदीवर बोट ठेवावे, ही सूचना बचत गटाच्या बैठकीत देण्यासारखी आहे.

‘महिनाभर विनामूल्य’ या प्रकाराबद्दलही स्पष्ट असावे. विनामूल्य मुदत घेताना देखील आदेश नोंदविला जातो आणि मुदत संपताच रक्कम वजा होऊ लागते. मोबाइलवरून ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद झाली, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. ॲप काढले तरी खाते व आदेश दोन्ही जागेवर असतात. रीत अशी की, प्रथम मंचावरील आपल्या खात्यात जाऊन ती विशिष्ट वाहिनी रद्द करावी, मग मूळ सदस्यत्व हवे की नको ते स्वतंत्रपणे ठरवावे, आणि शेवटी बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये आदेशांची यादी उघडून तेथे काही शिल्लक राहिले नाही ना, हे पाहावे. रद्द केल्यानंतरही भरलेल्या मुदतीपर्यंत वाहिनी सहसा दिसत राहते. म्हणून विनामूल्य मुदत घेतली त्याच दिवशी रद्द करण्याबाबतच्या अटी वाचून ठेवणे शहाणपणाचे.

रद्द करण्याची वाट मुद्दाम अवघड ठेवणे हा आता नियमभंग आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित करून ग्राहकाला चकविणाऱ्या तेरा प्रकारांना मनाई केली. ‘वर्गणीचा सापळा’ हा त्यांतील एक. रद्द करण्याचा पर्याय दडवून ठेवणे, त्यासाठी पायऱ्यांवर पायऱ्या घालणे किंवा विनामूल्य सेवेसाठी आधी पैसे भरण्याचा तपशील व स्वयंचलित संमती मागणे, हे त्यात मोडते. न मागता टोपलीत जादा वस्तू घालणे आणि खोटी घाई निर्माण करणे हेही याच यादीत आहे.

शाळा आणि सार्वजनिक पडदा

पंचायतीच्या सभागृहात, गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा ग्रामीण वाचनालयात मोठ्या पडद्यावर आपल्या वर्गणीतील चित्रपट लावण्याची कल्पना सद्‌हेतूनेच सुचते. परंतु या वर्गण्या खाजगी, घरगुती पाहण्यापुरत्याच दिलेल्या असतात; सार्वजनिक खेळाची परवानगी त्यात नसते. शाळेची गोष्ट थोडी निराळी आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेच्या कार्याचा भाग म्हणून, केवळ शिक्षक, विद्यार्थी, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्तींपुढे चित्रपट दाखविण्यास सवलत आहे. तथापि कायद्याची सवलत वेगळी आणि वर्गणीदाराने मान्य केलेल्या अटी वेगळ्या. शिक्षकाने स्वतःच्या घरगुती खात्यातून वर्गात चित्रपट लावण्यापूर्वी त्या अटी पाहाव्यात. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज्’ हा मंच सुरू केला. दूरदर्शनच्या वाहिन्या, आकाशवाणी आणि जुना संग्रह तेथे मराठीसह अनेक भाषांत एकत्र मिळतो व त्यातील बराच भाग विनामूल्य आहे. ज्यांना बातम्या, शेतीविषयक कार्यक्रम आणि जुन्या मालिका एवढेच हवे, त्यांनी सशुल्क वाहिनी घेण्यापूर्वी हा पर्याय पाहावयास हरकत नाही.

मुलांच्या बाबतीत २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत कार्यक्रमांचे ‘यू’, ‘यूए ७+’, ‘यूए १३+’, ‘यूए १६+’ आणि ‘ए’ असे पाच वर्ग सांगितले असून ‘यूए १३+’ व त्यापुढील वर्गांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय ठेवण्यास सांगितले आहे. कुलपाचा पिन खरेदीसाठीही लावता येतो का ते पाहावे. पुष्कळ नको असलेल्या वर्गण्या दूरस्थ नियंत्रकाचे एक बटण दाबून सुरू होतात.

तक्रार कोठे करावी

रक्कम चुकीची गेली असेल तर प्रथम पैसे घेणाऱ्या मंचाकडे लेखी तक्रार करावी, वाहिनीकडे नव्हे; बिल ज्याचे, जबाबदारीचा पहिला प्रश्न त्याला. आदेश रद्द करूनही किंवा आगाऊ सूचना न देता रक्कम वजा झाली असेल तर तक्रार बँकेकडे, आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेता येते. राष्ट्रीय ग्राहक सहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ असून तेथे मराठीतूनही बोलता येते.

यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जेथे राहतो वा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार दाखल करता येते; कंपनीचे कार्यालय बंगळूरला असो की परदेशी, गडचिरोलीच्या ग्राहकाला गडचिरोलीतच दाद मागता येते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीसाठी शुल्क नाही आणि वकील देणे सक्तीचे नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. सोबत वर्गणीची पावती, रद्द केल्याचा संदेश, पासबुकातील नोंद आणि २४ तास आधीच्या सूचनेतील आदेशाचा संदर्भ क्रमांक जोडावा. शेवटचा कागद बहुतेकांकडे नसतो, कारण तो संदेश वाचताक्षणी पुसून टाकलेला असतो.